अ‍ॅडिनो म्हणजे सिगारेटचा नव्हे, हे कितपत खरं?

सोनटक्का
बायॉप्सीचा रिपोर्ट येऊन चार दिवस झाले. बाबा ७१ वर्षांचे. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात, अगदी कडेला, तीन सेंटिमीटरला जराशी कमी अशी गाठ. रिपोर्टवर 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा'. बाबांनी विसाव्या वर्षी सिगारेट धरली आणि त्रेपन्नाव्या वर्षी एका रात्रीत सोडली. रोजचं एक पाकीट होतं. सोडून १८ वर्षं झाली.

घरात सध्या दोन पक्ष आहेत. आईचं म्हणणं, सिगारेटनेच झालं, मी तेव्हापासून कानीकपाळी ओरडत होते. धाकटे काका (हे अजून ओढतात) कुठूनतरी ऐकून आलेत की सिगारेटचा कॅन्सर वेगळा असतो, तो मोठ्या श्वासनलिकेत मधोमध होतो. अ‍ॅडिनो न ओढणाऱ्यांना होतो, म्हणजे दादाच्या आजाराशी सिगारेटचा काही संबंध नाही. बाबा दोघांचं ऐकून घेतात आणि पेपर वाचत बसतात. काल रात्री मला एकटीला गाठून म्हणाले, "खरं काय ते जरा बघ ना."

उपचारांचं डॉक्टर बघताहेत, ते इथे विचारत नाहीये. प्रश्न एवढाच : काकांचं कितपत खरं आहे?

आडवा पाऊस
बाबांना लवकर आराम पडो. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

उंटावरचा शहाणा
माझे आजोबा ८८व्या वर्षापर्यंत ओढत होते, गेले ते घरात पाय घसरून पडल्याने. शेजारच्या काकूंनी आयुष्यात काडी पेटवली नाही, त्या फुप्फुसाच्या कॅन्सरने गेल्या. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. ज्याच्या नशिबात आहे त्याला होतो.

तिरकी रेघ
आले आजोबा! या विषयावर धागा निघाला की तिसऱ्या प्रतिसादाच्या आत कुणाचे तरी आजोबा येतातच.

काचपट्टी
मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. तीसेक वर्षं याच गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या काकांचं अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेलं बोलणंच खोडायला सगळ्यात अवघड जातं.

फुप्फुसाच्या कॅन्सरचे ढोबळ दोन गट. स्मॉल सेल, शंभरातले साधारण १५. बाकीचे सगळे नॉन-स्मॉल सेल. त्यात अ‍ॅडिनो सगळ्यात जास्त, मग स्क्वेमस, मग थोडे लार्ज सेल आणि इतर.

काचेखाली तिघांचे चेहरे अगदी वेगळे. स्मॉल सेलच्या पेशी बारक्या, जवळजवळ सगळं केंद्रकच, आणि इतक्या नाजूक की नमुना काढतानाच्या धक्क्याने चिरडून निळ्या रेघोट्या उमटतात. पुष्कळदा त्या रेघोट्या बघूनच पोटात खड्डा पडायचा. स्क्वेमसच्या पेशी कातडीसारखं केराटिन बनवतात. त्याचे गुलाबी गोल थर एकावर एक बसतात, आमच्या भाषेत 'मोती'. अ‍ॅडिनोच्या पेशी ग्रंथी मांडायचा प्रयत्न करतात, मधे चिकट स्राव असतो.

आता सिगारेट. मोठ्या श्वासनलिकांच्या आतून बारीक केसांचं अस्तर असतं, ते धूळ आणि कफ वर ढकलतं. वर्षानुवर्षं धूर लागला की ते केस जातात आणि तिथे कातडीसारख्या जाड पेशी येतात. स्क्वेमस पुढे यातूनच उगवतो, म्हणून तो मधोमध. स्मॉल सेलही बहुधा मध्यभागीच, आणि न ओढणाऱ्या माणसात तो इतका विरळ की असा रिपोर्ट लिहायच्या आधी मी काच दोनदा बघायचो. अ‍ॅडिनो बहुधा कडेला. न ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झालाच तर तो बहुतेक वेळा अ‍ॅडिनो असतो. काकांनी ऐकलं ते इथपर्यंतचं.

पण 'न ओढणाऱ्यांत बहुतेक अ‍ॅडिनो' हे उलटं केलं की 'अ‍ॅडिनो बहुतेक न ओढणाऱ्यांत' होत नाही. २०१२ साली बऱ्याच देशांतली माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास छापून आला. रोज तीसच्या वर ओढणाऱ्या पुरुषांत, कधीच न ओढलेल्यांच्या तुलनेत, स्क्वेमस आणि स्मॉल सेलचा धोका शंभरपटीच्या वर निघाला. अ‍ॅडिनोचा साधारण बावीसपट. शंभराशेजारी ठेवलं की बावीस लहान दिसतं, एवढंच.

सोनटक्का
@काचपट्टी, खूप आभार. 'उलटं केलं की' हे वाक्य काकांना तसंच्या तसं ऐकवते. एक शंका : १८ वर्षांपूर्वी सोडली होती, तरी?

काचपट्टी
तरीही. सोडल्यावर स्मॉल सेल आणि स्क्वेमसचा धोका भराभर उतरतो, अ‍ॅडिनोचा सावकाश. त्यामुळे सोडून बरीच वर्षं झालेल्या माणसाला गाठ निघालीच तर ती अ‍ॅडिनो असण्याची शक्यता वाढते. बाबांची गोष्ट या चित्रात चपखल बसते. पण चित्रात बसणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. एका माणसाच्या एका गाठीबद्दल छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

माजी धुरकट
यात फिल्टरचाही हात आहे ना? मी बावीस वर्षं 'लाइट' ओढली, मोठ्या समाधानात. एकदा सहज फिल्टर दिव्यासमोर धरला तर कागदावर टाचणीने टोचल्यासारख्या बारीक भोकांची एक रांग दिसली, गोल फिरलेली. तिथून हवा शिरते आणि धूर पातळ होतो. कंपनीच्या टार मोजणाऱ्या यंत्राला बोटं नसतात, त्यामुळे यंत्राच्या हिशेबात टार कमी भरतं. माझी बोटं नेमकी त्या रांगेवर असायची. वर मजा येईना म्हणून झुरका लांब आणि खोल.

काचपट्टी
@माजी धुरकट, अगदी मर्मावर बोट ठेवलंत (भोकांवर ठेवायचात तसंच). १९५०च्या सुमारास पुरुषांत स्क्वेमसचं राज्य होतं. पुढच्या दशकांत अ‍ॅडिनो वाढत जाऊन वर आला. पातळ धूर खोल ओढला की तो कडेच्या बारीक नळ्यांपर्यंत पोचतो. शिवाय तंबाखूची मिश्रणं बदलली तशी धुरातली नायट्रोसामाइन्स (तंबाखूतली कॅन्सरकारक रसायनं) वाढली, आणि प्राण्यांत त्यांनी होतो तो मुख्यतः अ‍ॅडिनोच. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाच्या) २०१४च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की ओढणाऱ्यांतला अ‍ॅडिनोचा वाढलेला धोका सिगारेटच्या रचनेत आणि घटकांत १९५०च्या दशकापासून झालेल्या बदलांमुळे आहे. म्हणजे काका ज्याला 'सिगारेटचा नव्हे' म्हणतात तो नव्या सिगारेटचा आहे.

उंटावरचा शहाणा
सगळे माझ्यावर तुटून पडायच्या आधी : संख्याशास्त्राचा बाप रोनाल्ड फिशर हेच म्हणत होता. ओढायची ओढ आणि कॅन्सर, दोन्ही एकाच जनुकामुळे असू शकतात. तो काही पारावरचा गप्पिष्ट नव्हता.

अर्धविराम
नव्हताच. पण पाइप ओढायचा आणि तंबाखू कंपन्यांचा सल्लागारही होता, तेही सांगा की.

ते सोडा, त्याच्या मुद्द्याला उत्तर आहे. जनुकामुळे असेल तर सोडून काही फरक पडायला नको, सिगारेट सोडली म्हणून जनुक बदलत नाही. फरक मात्र पडतो. ब्रिटनमधली २००० साली आलेली आकडेवारी : ओढतच राहिलेल्या पुरुषांपैकी ७५ वर्षांच्या आत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याची शक्यता १६ टक्के. साठीत सोडली तर १०, पन्नाशीत ६, चाळिशीत ३, तिशीत २.

आणि या हिशेबात तुमचे आजोबाही आले. शंभर ओढणाऱ्यांतल्या चौऱ्याऐंशी जणांना या कॅन्सरने ७५च्या आत मरण येत नाही, म्हणजे घरोघरी एक धडधाकट आजोबा असणारच. त्यांनी काही खोटं ठरत नाही. (चौऱ्याऐंशींना हृदयविकार आणि दमा सोडतात असं नाही, पण तो वेगळा धागा.)

गोगलगाय
इतिहास निघालाच आहे तर माझी आवडती गोष्ट. अमेरिकेतले सर्जन एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी १९३३ मध्ये कॅन्सरसाठी एक अख्खं फुप्फुस काढलं, एकाच शस्त्रक्रियेत, आणि रुग्ण जगला. रुग्णही डॉक्टरच. ग्रॅहम स्वतः भरपूर ओढणारे. सिगारेट आणि कॅन्सर बरोबर वाढताहेत म्हटल्यावर 'नायलॉनच्या मोज्यांचा खपही वाढलाय' अशी त्यांनी थट्टा केली होती. पुढे वाइंडर नावाचा विद्यार्थी त्यांच्या मागे लागला, दोघांनी शेकडो रुग्णांना प्रश्न विचारले आणि १९५० साली निष्कर्ष छापला : संबंध आहे. ग्रॅहमनी सिगारेट सोडली. १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. फुप्फुस काढलेला तो रुग्ण त्यांच्यामागे काही वर्षं जगला.

त्याच १९५० मध्ये ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांचाही अभ्यास आला. डॉलना आधी संशय होता रस्त्यांच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर! आकडे बघून त्यांनी स्वतःच सिगारेट सोडली. मग १९५१ पासून हजारो ब्रिटिश डॉक्टरांचा माग काढला तो थेट पन्नास वर्षं. ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले.

तिरकी रेघ
मोज्यांची थट्टा महागात पडली म्हणायची.

वाटाड्या
स्मॉल सेलबद्दल. माझे थोरले मेहुणे, चाळीस वर्षं रोज दोन पाकिटं. खोकला तर कायमचाच, त्याकडे कोण लक्ष देतो? एके दिवशी ते बहिणीला 'तुम्ही कोण' म्हणाले. आम्हाला वाटलं विसराळूपणा सुरू झाला. रक्त तपासलं तर सोडियम ११२. तिथून उलटा माग काढत डॉक्टर छातीपर्यंत पोचले. ही गाठ असं काही हार्मोन सोडते की शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम पातळ होतं, असं समजावलं गेलं.

केमोने दोन महिन्यांत सावली जवळजवळ दिसेनाशी झाली. आम्ही सगळे हुरळलो, डॉक्टर मात्र हुरळले नाहीत, ते तेव्हा फार खटकलं होतं. आठव्या महिन्यात मेंदूत निघालं.

आडवा पाऊस
:( वाटाड्या.

आरोग्यम_धनसंपदा
रोज सकाळी अनशापोटी व्हिटॅमिन ए असलेल्या गोळ्या आणि अँटिऑक्सिडंट घेतले तर सिगारेटचा सगळा परिणाम धुऊन निघतो. मला आलेला संदेश खाली चिकटवतोय, जास्तीत जास्त लोकांपर्यंत

[संपादित : उपचारांचे दावे करणारे फॉरवर्ड इथे नकोत. - संपादक]

काचपट्टी
संपादक, मजकूर काढलात ते उत्तम, पण याला उत्तर द्यायलाच हवं, कारण हा प्रयोग खरोखर झालेला आहे. फिनलंडमध्ये ओढणाऱ्या एकोणतीस हजार पुरुषांवर. काहींना बीटा-कॅरोटीन (शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए बनतं ते) दिलं. अपेक्षा ही की कॅन्सर कमी होईल. १९९४ साली निकाल आला : ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतला असाच दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. ओढणाऱ्याने त्या गोळ्या अजिबात घेऊ नयेत.

कोरा कागद
माझा प्रश्न जरा बाजूचा. सासरे कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर काम करायचे, त्यांना मेसोथेलिओमा झाला. ओढायचे पण. तोही सिगारेटचाच प्रकार का?

काचपट्टी
नाही. मेसोथेलिओमा फुप्फुसावरच्या आवरणाचा, तो अ‍ॅस्बेस्टॉसचा. सिगारेटने त्यात भर पडत नाही. मात्र फुप्फुसाच्या आतल्या कॅन्सरसाठी अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिगारेट एकत्र आले की धोका बेरजेच्या पलीकडे, जवळजवळ गुणाकाराने वाढतो.

नुसतीच वाचक
तीन वर्षं इथे फक्त वाचतेय, हा पहिलाच प्रतिसाद.

मला चव्वेचाळिसाव्या वर्षी अ‍ॅडिनो निघाला. मी कधीही ओढलेली नाही. गाठीत ईजीएफआर या जनुकातला बदल मिळाला, त्यावर रोज एक गोळी घेते, दुसरं वर्ष चालू आहे, कामावर जाते. हा बदल न ओढणाऱ्यांत, त्यातही आशियाई बायकांत जास्त सापडतो. म्हणजे तुमच्या काकांनी सांगितलेली बाई मीच.

आजार कळल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न : ओढायचीस का? नाही म्हटलं की दुसरा : मिस्टर ओढतात का? दुसऱ्यांच्या धुराने होतो हे खरंच आहे, जपानमध्ये हिरायामा यांनी १९८१ मध्ये ओढणाऱ्यांच्या बायकांवरच दाखवलं. पण माझा नवरा ओढत नाही. मग त्यांचे चेहरे पडतात. कारण सापडलं असतं तर ते निर्धास्त होऊन घरी गेले असते. रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू) आहे, हवेतलं प्रदूषण आहे, आणि काहींना काहीच सापडत नाही.

सोनटक्का, बाबा "खरं काय ते बघ" म्हणतात तेव्हा ते प्रकाराबद्दल विचारत नसावेत असं मला वाटतं. मी असते तर आधी त्यांनाच विचारलं असतं, की काय ऐकायला आवडेल.

सोनटक्का
@नुसतीच वाचक, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. विचारते.

उंटावरचा शहाणा
बरं, फिशरला सोडलं. पण मी दिवसाला तीन ओढतो, फक्त तीन. पाकीटवाल्यांचा हिशेब मला लावू नका.

अर्धविराम
नॉर्वेत २००५ मध्ये नेमका तुमच्यासारख्यांचाच अभ्यास आला, रोज एक ते चार ओढणाऱ्यांचा. फुप्फुसाच्या कॅन्सरने मृत्यूचा धोका पुरुषांत जवळजवळ तिप्पट, बायकांत पाचपट. आणि रोज किती यापेक्षा किती वर्षं याला जास्त वजन असतं. कधीपासून ओढताय?

उंटावरचा शहाणा
कॉलेजपासून. पुढचं विचारू नका.

माजी धुरकट
पॅक-इयर काढा की. रोजची पाकिटं गुणिले वर्षं, पाकीट वीसचं धरायचं. माझे २२. सोनटक्कांच्या बाबांचे ३३.

उंटावरचा शहाणा
तीन भागिले वीस गुणिले एकतीस. साडेचारच्या वर. आधी दहा-दहा ओढायचो ते धरलं तर... राहू दे, उद्या करतो.

सोनटक्का
धागा वर काढतेय, तीन आठवडे झाले. आधी काकांबद्दल विचारते. वय ६४, रोज एक पाकीट, चाळीसेक वर्षं. छातीचा एक्स-रे 'स्वच्छ' आला म्हणून खुशीत आहेत.

काचपट्टी
एक्स-रेच्या भरवशावर राहू नका. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारा. अमेरिकेत त्रेपन्न हजार लोकांवर चाचणी झाली, निम्म्यांचा दरवर्षी एक्स-रे, निम्म्यांचा असा सीटी. २०११चा निकाल : सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. तिथल्या २०२१च्या शिफारशीत वय ५० ते ८०, वीस पॅक-इयर आणि अजून ओढणारे किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेले, असे बसतात. काकांचे चाळीस होतात, म्हणजे ते आरामात बसले. फक्त एक सांगून ठेवा : 'काहीतरी दिसतंय' असं आलं तरी हातपाय गाळू नका. त्या चाचणीत असं दिसलेल्यांपैकी ९६ टक्के कॅन्सर नव्हते.

स्क्वेमस आणि स्मॉल सेलचं म्हणाल तर काकांना त्या दोन्हींचा धोका आज दादापेक्षा जास्त आहे. ते कसं सांगायचं ते तुम्ही बघा.

तिरकी रेघ
आणि बाबांचं काय ठरलं?

सोनटक्का
जनुकांचा रिपोर्ट आला. ईजीएफआर नाही, एएलके नाही. के-रास या जनुकातला बदल सापडला, जी१२सी नावाचा. पोटस्कॅन झालं, बाकी कुठे काही दिसत नाही, शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात.

काचपट्टी
कुठे पसरलं नाही हे फार चांगलं झालं. जी१२सी हा बदल ओढणाऱ्यांत जास्त सापडतो. डीएनएतलं एक अक्षर ज्या पद्धतीने बदललेलं असतं ती पद्धत तंबाखूच्या धुराची नेहमीची आहे. तरी तो बोटाचा ठसा म्हणू नका. पण मला पैज लावायला सांगितलीत तर मी आईंच्या बाजूने लावीन.

सोनटक्का
मी बाबांना आधी विचारलं, काय ऐकायला आवडेल. म्हणाले, "खरं ते." मग के-रासचं सांगितलं, बावीसपट सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आणि सोडली नसती तर?" मी अर्धविराम यांनी दिलेले आकडे वाचून दाखवले. १६ आणि ६ यांच्याखाली त्यांनी पेपरच्या कोऱ्या कडेला वजाबाकी मांडली, दहा लिहिले, त्याभोवती गोल केला.

मग म्हणाले, "म्हणजे तुझी आई जिंकली. एवढ्यात सांगू नकोस तिला, ऑपरेशन होऊ दे."

आडवा पाऊस
आई हा धागा वाचत नाहीत ना?

सोनटक्का
टायपो : वर 'पोटस्कॅन' नव्हे, पेट-स्कॅन. आणि नाही, आईला पासवर्ड माहीत नाही. बहुतेक.

काचपट्टी
शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आला की इथे टाका, समजावून सांगेन. नाव-नंबर खोडून टाका मात्र.